मी एक अक्षरही बोललो नव्हतो

मागच्या उन्हाळ्यात माझ्या विहीणबाईंनी फोन करून मला विचारलं, "इवाई, रातीला कितींदा उठावं लागतं?"

मुलीच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या बाईंचा पदर माझ्यासमोर डोक्यावरून कधी ढळलेला नाही. चहाचा कप पुढे करायचा तरी दाराआडून करतात. त्यांनी हे विचारावं! मी उभा होतो तिथंच खाली बसलो. मग एकापाठोपाठ एक फोन सुरू झाले. साडू म्हणाले, गोखरूचा काढा घ्या. मेहुणी म्हणाली, "आमच्या ह्यांचंबी तसंच होतं दाजी. ऑपरेशन करून टाका, त्यात काय लाजायचं?"

झालं होतं असं, की पुतण्यानं मला बीडला नेऊन प्रोस्टेटची सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्ट त्याच्या मोबाईलवर आला आणि त्यानं तो उचलून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याची दोन चित्रं. मी त्याला विचारलं, तर बिचारा गोंधळला. "काका, काळजी वाटली म्हणून टाकलं. आपलीच माणसं हायेत ना सगळी?"

मला त्याला रागावता आलं नाही. मी सरकारी दवाखान्यात जन्मभर एक्स-रे काढले. लोक मला 'फोटोवाले' म्हणायचे. दुसऱ्याच्या अंगातलं दुखणं आपल्याच माणसांना कळलं तर काय बिघडतं, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. काय बिघडतं ते मला एका मुलीनं आणि तिच्या चुलत्यानं शिकवलं. त्याबद्दल मी तोवर कुणापाशी बोललो नव्हतो.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातलाच, एवढं पुरे. त्या मुलीला इथं कमल म्हणतो. तिचं नाव, गाव बदललं आहे आणि हा मजकूर छापायला देण्याआधी तिला वाचायला दिला होता. तिनं दोन ठिकाणी काट मारली. त्या जागा कोणत्या, ते विचारू नका.

आधी आमचं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण आताच्या मुलांना ते ठाऊक नसेल. आता बटण दाबलं की छाती पडद्यावर येते. तेव्हा फिल्म असायची. फोटो काढला की ती अंधारखोलीत न्यायची. तिथं फक्त लाल दिवा. एका टाकीत औषध, दुसरीत पाणी, तिसरीत हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन. हायपोचा वास असा, की घरी जेवताना भाकरीलाही तो येतोय असं वाटायचं. फिल्म धुऊन निघाली की चिमट्यानं तारेवर वाळत घालायची. अंधारखोलीत वारा नाही, म्हणून मी तार व्हरांड्यात बांधली होती. वारा मोकळा, फिल्म झटकन वाळे. ओळख पटावी म्हणून प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात मी नाव आणि गाव ठळक लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं, त्याचा मला अभिमानही होता.

बाजाराच्या दिवशी त्या तारेखाली गर्दी व्हायची. लोक आपल्या फोटोची वाट बघत आणि तोवर दुसऱ्यांचे बघत. "हे बगा, ह्येची बरगडी मोडलीय." "कुणाची बे?" "अन् ह्यो गुरुजींचा दिसतोय. ह्यो पांढरा डाग कशाचा?"

त्या गुरुजींच्या वर्गातली पोरं पुढच्या आठवड्यात आयांनी घरी ठेवून घेतली. गुरुजींना फक्त जुना न्यूमोनिया होता. ते स्वतः मला काही बोलले नाहीत. बोलल्या त्या आमच्या मुख्य सिस्टर. कमरेवर हात ठेवून तारेखाली उभ्या राहिल्या आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फोटोवाले, ही काय धुणं वाळू घालायची दोरी हाय का? तुमची चड्डीबी आणून टाका की हितं, आमीबी बघू."

त्या दिवशी तार आत गेली. फिल्म वाळायला दुप्पट वेळ लागू लागला, पण लागला तर लागला.

बायकांचा छातीचा फोटो काढणं हे वेगळंच काम. गळ्यातलं सगळं काढावं लागतं, नाहीतर मणी फोटोत येतात. ताईत, सोन्याचा मणी, झंपराला लावलेल्या पिना निघत. मंगळसूत्र काढायला मात्र कुणी तयार नसे. नवा होतो तेव्हा मी नियम सांगून वाद घालायचो. पुढं शहाणा झालो. म्हणायचो, "काढू नका बाई, उतरवलं असं समजू नका. नुसतं मुठीत घट्ट धरा." मग त्या डोळे मिटून, मूठ आवळून मशीनसमोर उभ्या राहत. खिडकीच्या काचेला मी जुन्या फिल्म चिकटवल्या होत्या, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून. फिल्मचा हा उपयोग गावोगाव होता. सूर्यग्रहण बघायला लोक त्या मागून न्यायचे. पाटोद्याकडं एका घरात मी चहाला गेलो होतो, तर त्यांच्या फुटक्या तावदानांना अख्ख्या घराची हाडं लावलेली. घरधनी कौतुकानं दाखवत होता, "हा आमच्या म्हातारीचा खुबा. अन् ही माझी कंबर." उन्हात कंबर छान दिसत होती.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

आपल्याकडं सोयरीक जुळवताना चौकशी होते, ती सरळ मुलीच्या दारात होत नाही. गावातल्या किराणा दुकानदाराकडं होते, मास्तराकडं होते, एसटीच्या कंडक्टरकडं होते. आणि आमच्या तालुक्यात ती माझ्याकडंही होऊ लागली. पाहुणे यायचे, मला कॅण्टीनला न्यायचे. पाऊसपाणी, सरकी, कुणाच्या तरी बैलाची गोष्ट, मग चहा संपता संपता हळूच, "अमक्याची पोरगी बघायलोय. तुमच्या हाताखालून कवा गेली का?"

मी हसून पाठीवर थाप मारायचो. "अहो, खडखडीत पोरगी हाय. बिनघोर करा."

बहुतेक वेळा मी त्या मुलीचा फोटो काढलेलाच नसायचा. म्हणजे ती दवाखान्यात कधी आलीच नव्हती. पण फोटोवाल्याच्या तोंडून 'खडखडीत' आलं की पाहुण्यांचा जीव भांड्यात पडायचा. त्यात मला गैर वाटत नव्हतं. कुणाचं वाईट सांगत नव्हतो, चांगलंच सांगत होतो. माझ्या शब्दावर लग्नं जमायची. मांडवात बोलावून मला टॉवेल-टोपी करायचे. घरात टॉवेलांची एवढी चळत झाली होती, की बायको पाहुण्यांना विचारायची, "पांढरा देऊ का गुलाबी?"

अशा दिवसांत कमल आली.

तिचे आई-बाप ऊसतोडीला गेले होते. तो हंगाम असा, की गावंच्या गावं रिकामी होतात. ती वयात आलेली पोर, म्हणून बापानं तिला धाकट्या भावाकडं ठेवलं होतं. तो चुलता तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन आला. काटक, उन्हानं काळवंडलेला माणूस. तिला खोकला होता आणि संध्याकाळचा ताप. फोटो काढला. अंधारखोलीत फिल्म पाण्यातून वर धरली आणि उजव्या बाजूला वर तो ढगासारखा भाग दिसला. पुढं थुंकीची तपासणीही तशीच आली. टीबी होता.

डॉक्टर नवे, तरुण होते. त्यांनी चुलत्याला समजावलं, गोळ्या सगळ्या घेतल्या तर पोरगी ठणठणीत होईल. चुलता खोलीबाहेर आला तो थेट माझ्याकडं. हात जोडून म्हणाला, "साहेब, लेकराचं लगीन व्हायचं हाय. आमच्या घरातबी कुणाला सांगणार न्हाई मी. भाऊ तिकडं फडावर हाय, त्याच्या जिवाला घोर नको. घरी म्या सांगितलंय, दाढ दुखती म्हणून. तुमी तेवढं..."

"माझ्या तोंडून एक अक्षर जाणार नाही," मी म्हणालो.

तो माणूस तिला दर वेळी गोळ्यांसाठी घेऊन यायचा. दाढ दुखायची सबब किती दिवस पुरणार? मग तो सांगायचा, तिला शिवणकामाच्या क्लासला नेतो. आणि सबब खरी दिसावी म्हणून त्यानं तिला खरंच क्लासमध्ये घातलं. ती पोर त्याला काका म्हणायची, पण बोलायची बापाशी बोलावं तशी हक्कानं. "काका, सायकल हळू चालवा की, हाडं खिळखिळी झाली. फोटोवाले पुन्हा फोटो काढतेल." औषध संपलं तेव्हा मी तिचा शेवटचा फोटो काढला. ढग गेला होता. एक बारीकशी रेघ राहिली होती, जुन्या जखमेची राहते तशी. ती बरी झाली होती. हे लक्षात ठेवा.

मधल्या काळात त्या नव्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून बजावलं होतं, की रुग्णाची गोष्ट दवाखान्याच्या दाराबाहेर जाता कामा नये. बोलताना त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. तार आणि गुरुजींचा प्रकार त्यांच्या कानावर गेला असावा. मला ते लागलं. मी मनाशी ठरवलं, आता बघाच.

मग एका सोमवारी ते पाहुणे आले. माझ्या ओळखीतले, शेतीवाडीवाले, बोलायला गोड. मुलगा नोकरीला लागलेला. कॅण्टीनला बसलो. पाऊसपाणी झालं. चहा आला. त्यांनी कमलच्या बापाचं नाव घेतलं आणि विचारलं, "पोरगी नाकीडोळी चांगली हाय. तुमच्या हाताखालून गेलती का कवा?"

मला ती कॅरिअरवर बसलेली आठवली. तिच्या चुलत्याला दिलेला शब्द आठवला. डॉक्टरांची ती नजर आठवली. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, ताठ बसून, शुद्ध भाषेत म्हणालो, "पाहुणे, रुग्णांविषयी आम्हाला काही सांगता येत नाही. नियम आहे."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. बरं. कळलं."

"तसं काही नाही, पण नियम..."

"कळलं म्हनलं ना. बरं झालं, तुमी सांगितलं."

"मी कुठं काय सांगितलं?"

"न्हाई न्हाई, तुमी काहीच न्हाई सांगितलं." असं म्हणून ते उठले. जाताना माझा खांदा दाबला, उपकार मानावेत तसा.

तुमचा विश्वास बसणार नाही, पण मला तेव्हा काही उमगलं नाही. मी छाती पुढं काढून माझ्या खोलीत गेलो. नियम पाळला होता, शब्द पाळला होता. ज्या माणसानं तोवर दर मुलीला 'खडखडीत' म्हटलं, तो एकीच्या बाबतीत नियम सांगायला लागला, तर ऐकणारा काय समजेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला 'खडखडीत' म्हणताही आलं असतं. ते खरंही होतं. पण मी शब्द पाळायला बसलो होतो.

सोयरीक मोडली. कारण कुणी तोंडानं सांगत नाही, पण बापाच्या कानावर आलं, की मुलीच्या दवाखान्याचं काहीतरी आहे. तो फडावरून आलेला, त्याला यातलं ठाऊकच नाही. त्यानं मुलीला विचारलं, तिनं खरं सांगितलं. बाप हबकला. आजाराचं त्यानं सोसलं असतं, पण भावानं लपवलं हे त्याला सोसेना. मग प्रश्न आला, की बाहेर कुणी सांगितलं? दवाखाना सोडला तर ठाऊक होतं एकट्या चुलत्याला. त्यात त्याच पाहुण्यांनी पुढं चुलत्याच्या मुलीविषयी विचारणा केली. चुलत्यानं ताबडतोब नाही म्हटलं. पण विचारणा झाली, एवढंच गावाला पुरलं. स्वतःच्या लेकीसाठी पुतणीचं जमलेलं मोडलं, असं त्याच्यावर बसलं ते बसलंच.

हे मला कळलं ते चुलत्याच्याच तोंडून. तो एकटा आला, सायकल हातात धरून. माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"साहेब, राग मानू नका. एक इचारायचं हाय. त्या पाव्हण्यांपाशी तुमी काही बोललात का?"

"मी एक अक्षरही बोललो नाही," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. "उलट मी त्यांना सांगितलं, असं काही सांगता येत नाही म्हणून."

त्यानं मान हलवली. त्याला त्यातलं काही कळलं नाही, किंवा मला त्याच्या चेहऱ्यावर तसं दिसलं. "न्हाई, मला वाटलंच. तुमी शब्द दिल्ता. माफ करा, उगंच इचारलं. माझ्याच घरातनं गेलं असंल मग. बायकोला कशावरनं कळलं असंल, अन् ती एखादवेळी माह्यारी बोलली असंल." असं म्हणून तो वळला.

तो फाटकापर्यंत गेला असेल नसेल, आणि मला पाहुण्यांनी खाली ठेवलेला तो कप दिसला. ते "कळलं" ऐकू आलं. आता हाक मारली असती तरी चाललं असतं. तो सायकलवर बसायच्या बेतात होता. मी हाक मारली नाही. मला डॉक्टरांची भीती वाटली, चारचौघांत नाव जाईल याची वाटली. आणि खरं सांगायचं तर, नियम पाळूनही आपलं चुकलं, हे मान्य करायची माझी तयारी नव्हती. तो गेला. घरी जाऊन त्यानं आपल्या बायकोवर संशय घेतला असेल, हाही हिशेब माझ्याच नावावर.

त्यानंतर मी एक केलं. कुणीही कुणाविषयी विचारलं, तरी माझं उत्तर एकच ठेवलं. आलेली असो की न आलेली, आजारी असो की धडधाकट, "मी सांगत नाही." खरं म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यानं हेच करायला हवं. निरोगी माणसाविषयी बोललात, की आजारी माणसाविषयी गप्प बसणं हेसुद्धा बोलणंच होतं. सगळ्यांना सारखं नाही म्हणाल, तरच त्या नाहीला काही अर्थ उरत नाही आणि माणूस झाकला जातो. एवढी साधी गोष्ट. लोक म्हणाले, फोटोवाला माजला. टॉवेल यायचे बंद झाले. सख्ख्या भावानं त्याच्या मुलीसाठी एका मुलाचं विचारलं, तेव्हाही मी तेच म्हणालो आणि तो माझ्याशी दोन दिवाळ्या बोलला नाही. सिस्टर तेवढ्या म्हणाल्या, "आता कुठं माणसात आलात." त्यांना कमलची गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनाही मी सांगितली नाही.

तर मागच्या उन्हाळ्यात विहीणबाईंचा फोन आला आणि मी खाली बसलो, तेव्हा लाज ओसरल्यावर मला कमलच आठवली. माझं तर म्हातारपणचं दुखणं, चार दिवस हसून लोक विसरले. चुलता जिवंत आहे एवढं मी अधूनमधून कानावर घेत आलो होतो. त्याच्यावरचा आळ काढायचा तर मीच काढू शकत होतो. पण गावात जाऊन काय सांगणार? की यानं सांगितलं नाही, माझ्यामुळं कळलं? म्हणजे काय कळलं, हे पुन्हा चव्हाट्यावर येणार. एकाला सोडवायचं तर दुसरीला पुन्हा उघडं पाडावं लागणार. तिला विचारल्याशिवाय मला तोंड उघडता येत नव्हतं.

मांजरसुंब्याला एसटी बदलून मी तिच्याकडं गेलो. हमरस्त्यालगतच्या गावात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. त्या सोयरिकीनंतर काही वर्षांनी तिचं लग्न झालं, नवरा टेम्पो चालवतो. मी ओळख सांगायच्या आधीच ती मशीनवरून उठली. "फोटोवाले! किती वाळलात."

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. माझा चेहरा बघून तिनं त्या बाईला सांगितलं, "काकू, तुमचं माप उद्या घेते." मग मी सगळं सांगितलं. कॅण्टीन, चहा, पाहुणे, नियम. ती ऐकत कात्रीची मूठ उघडझाप करत होती.

"म्हंजी काका काहीच बोलले नव्हते?"

"नाही."

"अन् तुमीबी काहीच बोलले नव्हते."

"नाही."

"वा!" ती म्हणाली. "कुणीच काही बोललं न्हाई, अन् माझं घर फुटलं. इतकी वर्षं काऊन गप बसलात ओ?"

मी म्हणालो, भित्रा होतो.

"माझे वडील वारले तवा काका मसणवट्याच्या बाहेर बाभळीखाली हुबा होता. भावाला खांदा द्यायला कुणी येऊ देईना त्याला. माणसं माझ्याकडं बघायलती, पोरगी काय म्हणती. म्या म्हनलं, नको." तिनं कात्री खाली ठेवली. "म्या म्हनलं ते, फोटोवाले. ज्यानं सायकल मारून मारून मला वाचीवलं, त्येला."

मग मी विचारलं, तिची हरकत नसेल तर गावात चार माणसांपुढं मी खरं सांगायला तयार आहे. पण त्यात तिचं दुखणं निघणार.

"गावाचा काय संबंध?" ती उसळून म्हणाली. "गावाला मी काय लागते? दुखणं माझं हाय. सांगायचं तर मी सांगीन, अन् सांगायचं ते काकाला."

"घरी तुमच्या मालकांना..."

"ह्यांना लग्नाआधीच सांगितलं होतं. तर म्हणले, मला एका डोळ्यानं कमी दिसतं, ते तू टेम्पोच्या मालकाला सांगू नको, कामावरून काढील." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. तिनं मशीनवर कापड टाकलं. "चला."

"आत्ता?"

"मग कवा? काका काय माझ्यासाठी बसून ऱ्हाणार हाय का?"

तिच्या नवऱ्यानं टेम्पो काढला. आम्ही तिघं पुढं बसलो. त्या भल्या माणसानं कुठं, कशाला, हे काही विचारलं नाही. वाटेत मला दोनदा टेम्पो थांबवायला सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी झुडपाआडून परत आलो, तेव्हा कमल म्हणाली, "म्हंजी तुमालाबी एक दुखणं हाय म्हणा की." मी खाली बघितलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. न्हाई सांगत कुणाला."

चुलता पडवीत बाजेवर बसला होता. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी आपल्या घरी सुखात होती. अंगावर नुसती बंडी. कमल समोर जाऊन उभी राहिली, तर तो डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. तिनं वाकून पायांना हात लावला. "काका, मी कमल."

"कोण?"

"कमल!"

तेव्हा मला कळलं, की त्याला ऐकू येत नाही. शेजारच्या ओट्यावर दोन म्हातारे होते, समोर बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. ती जे सांगायला आली होती, ते ओरडून सांगावं लागणार होतं. कमलनं एकदा गल्लीकडं बघितलं. मग त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

मीही मागं जायला निघालो होतो, पण तिनं दारातून मान हलवली. आधी ती. मी पडवीत टेकलो. आतून तिचा आवाज येऊ लागला. पहिला शब्द कानावर आला तसा मी उठलो आणि समोर शेंगा फोडणाऱ्या बायकांपाशी जाऊन मोठमोठ्यानं बोलू लागलो. शेंगांचा भाव विचारला, पाण्याचं विचारलं, त्यांच्या गावात टॉवर येतो का ते विचारलं. टेम्पोवाला माझं बघून आला आणि त्यानं गाडीतलं गाणं लावलं. बायकांना वाटलं असेल, हा म्हातारा जरा भ्रमिष्ट आहे. वाटू दे. त्या दारातून बाहेर काही जाऊ नये, एवढं एकच काम त्या दिवशी माझ्याकडं होतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. कमल बाहेर आली. डोळे सुजलेले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. मी पुढं झालो.

"तुमचं समदं सांगितलं," ती म्हणाली. "काका म्हणतेत, फोटोवाल्याला आज न्हाई बघायचं."

मी मान डोलावली.

"पण पुन्हा या म्हणलेत. मला इचारून या. मी आज हितंच जेवते. हे तुमाला स्टँडवर सोडतेल."

तिच्या नवऱ्यानं टेम्पो सुरू केला. ती आत गेली, दार पुन्हा लोटलं. आणि आतून त्या म्हाताऱ्याचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा खणखणीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"कमे, कालवणात मीठ कमी टाक गं! डॉक्टरनं बंद केलंय मला!"